संगीत शिकता का?

संगीत शिक्षणातले संशोधन म्हणजे नेमके काय, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला निदान वीस जणांनी विचारला असेल. माझ्या धाकट्या बहिणीची नात फिनलंडमध्ये या विषयात पीएच.डी. करते आहे हे आमच्या नातेवाइकांत सर्वांना ठाऊक आहे, पण ती तिकडे गाते, गाणे शिकवते की गाण्यावर लिहिते याबद्दल भलताच गोंधळ आहे. आमच्या वन्संची तर ठाम समजूत आहे की ती तिकडच्या गोऱ्या मुलांना भजने शिकवते. तेव्हा एकदा सगळे सविस्तर लिहून टाकावे म्हणते, म्हणजे पुढच्या लग्नकार्यात मला निवांत जेवता तरी येईल.

तर, गाणे कसे गावे हा तिचा विषय नाही. शाळेत गाणे कसे शिकवले जाते, मुले ते कसे उचलतात, कोणाला ते मिळते आणि कोणाच्या वाट्याला येत नाही, हा तिचा विषय. त्या कामासाठी ती सध्या चार महिने मिरजेला माझ्याकडे राहते आहे. मी स्वतः आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. लग्नाआधी कधीतरी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका दिली होती, आणि तेवढ्या भांडवलावर शाळेतली प्रार्थना, समूहगीते आणि पंधरा ऑगस्ट ही तिन्ही खाती चौतीस वर्षे माझ्याकडेच होती. त्यामुळे तिच्या कामात मला रस आहे, आणि मी मधेमधे बोलले तरी ती रागावत नाही.

हे काम ती एकटी करत नाही. तिच्यासारखेच प्रबंध लिहिणारे आणखी तिघे आहेत. ब्राझीलची एक मुलगी, हंगेरीचा एक मुलगा आणि दक्षिण आफ्रिकेची एक मुलगी. प्रत्येकाचा प्रबंध वेगळा, पण मिळून एक लेख लिहायचा असे त्यांनी ठरवले आहे. प्रत्येकाने आपल्या देशातल्या एका साध्या शाळेत जायचे, सातवीच्या वयाच्या मुलांना तेच प्रश्न त्यांच्या भाषेत विचारायचे, आणि उत्तरे शेजारी शेजारी ठेवून बघायची. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला कॉम्प्युटरवर त्यांचे बोलणे असते. आमच्याकडे साडेसहा म्हणजे साओ पाउलोला सकाळचे दहा आणि जोहान्सबर्गला दुपारचे तीन. ती टेबलापाशी बसते, मी पलीकडे सोप्यात भाजी निवडत असते. मला इंग्रजी फारसे बोलता येत नाही, पण बरेचसे कळते. शिवाय चौघांचेही इंग्रजी उसनेच असल्यामुळे ते सावकाश बोलतात. माझ्यासारखीला ते सोयीचे पडते.

पहिले काही गुरुवार स्वरांच्या नावांवरून भांडण्यातच गेले. ब्राझीलमध्ये 'दो' म्हणजे आपल्या पेटीची पांढरी एक, कायमची. तो स्वर तिथून हलत नाही. हंगेरीच्या मुलाचा 'दो' मात्र आपल्या षड्जासारखा हलता. गाणाऱ्याला सोयीचे पडेल तिथे 'दो' धरायचा. झोल्तान कोदाय यांनी शाळेत गाणे आणण्यासाठी जी पद्धत रुजवली ती ही. तिचे मूळ इंग्लंडमध्ये. नॉर्विच गावच्या सेरा ग्लोव्हर नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकात ती रचली, जॉन कर्वेन यांनी तिचा प्रसार केला. मिशनऱ्यांबरोबर तीच पद्धत आफ्रिकेत गेली आणि तिथल्या गायनवृंदांनी ती इतकी आपलीशी केली की इनॉक सोन्टोंगा या शिक्षकाने १८९७ साली जे गीत रचले, जे पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग झाले, ते याच सा-रे-ग-म वजा लिपीत लिहिले होते. म्हणजे हंगेरी, दक्षिण आफ्रिका आणि आपण एका बाजूला, आणि ब्राझीलची मुलगी बिचारी एकटी. त्यात आमची नात शिकते त्या फिनलंडमध्ये इंग्रजांच्या 'बी' स्वराला 'एच' म्हणतात. हे ऐकून मला हसू आले. पण आपल्याकडे तरी काय, पलुसकरांची स्वरलिपी वेगळी आणि भातखंड्यांची वेगळी. एकाच परीक्षेला बसलेल्या दोन मुलींच्या वह्या एकमेकींना वाचता यायच्या नाहीत.

तुम्ही म्हणाल, नावांत काय आहे? पण त्यामागचा मुद्दा साधा नव्हता. मुलाने पेटीवर वाजवलेल्या पट्टीत गायले नाही, स्वतःच्या पट्टीत गायले आणि सगळे स्वर एकमेकांशी बरोबर लागले, तर त्याला बरोबर म्हणायचे की चूक? मी प्रार्थनेला पेटी काळी चारवर धरायचे कारण मुलींना ती सोयीची. काही मुलगे त्या पट्टीत ओरडायचे किंवा गप्प बसायचे. त्यांना गाता येत नाही असे आम्हा शिक्षकांच्या खोलीत सर्रास म्हटले जाई. तीच मुले सहलीच्या गाडीत आपल्या पट्टीत किती छान गायची!

मग 'सुरात गाणे' याला चार भाषांत काय म्हणायचे हा वाद निघाला. पोर्तुगीजमध्ये बेसूर म्हणजे 'देसाफिनादो', आणि या नावाचे त्यांचे एक अतिशय लोकप्रिय गाणेच आहे, अंतोनियो कार्लोस जोबिम यांच्या चालीचे. म्हणजे बेसूर असण्याची तिथे थोडी लाडिक थट्टाही होते. हंगेरियनमध्ये बेसूर म्हणजे 'हामिश', आणि त्याचा दुसरा अर्थ खोटा! खोटे नाणे म्हणतो तसे. लहान मुलाला असा शब्द ऐकवायचा तर त्याचे वजन केवढे. आमच्या नातीने 'कणसूर' हा शब्द सांगितला, म्हणजे साफ बेसूर नव्हे, कणभर उतरलेला किंवा चढलेला. तिघांनाही तो इतका आवडला की आता ते आपसात बोलताना 'कणसूर' असेच म्हणतात. हंगेरीचा मुलगा त्यातला 'ण' म्हणताना जी खटपट करतो ती पाहण्यासारखी असते.

असे देशोदेशींनी मिळून काम करण्याची पद्धत या क्षेत्रात अगदी नवी नाही. युनेस्कोच्या पुढाकाराने १९५३ साली ब्रसेल्सला मोठी परिषद भरली, तिथेच संगीत शिक्षणाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिला इस्मे म्हणतात. दर दोन वर्षांनी तिचे जागतिक संमेलन असते. २०२० चे हेलसिंकीचे संमेलन करोनामुळे रद्द झाले आणि शेवटी २०२४ साली तिथे भरले. संमेलनात विद्यार्थी भेटतात, पत्ते देतात-घेतात, आणि असले चौघांचे मेळ जमतात. अर्थात पोहोचता आले तर. या चौघांनी गेल्या वर्षी एका लहान परिषदेत एकत्र बोलायचे ठरवले होते. दक्षिण आफ्रिकेच्या मुलीचा व्हिसा परिषद संपल्यावर चौथ्या दिवशी आला. तिच्या वाट्याची दहा मिनिटे बाकीच्यांनी वाचून दाखवली. ब्राझीलच्या मुलीने तर तिकिटाचे भाडे पाहूनच आधी नकार कळवला होता. मिळून काम करणे म्हणजे सगळ्यांना सारखीच वाट चालावी लागते असे नाही.

मोठ्या प्रमाणावरचेही एक उदाहरण नातीने मला सांगितले. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंड विद्यापीठातून २००९ ते २०१६ या काळात एक प्रकल्प चालला. माणसाला गाता येऊ लागते ते कसे, याचा अनेक देशांतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून शोध घेतला. २०२० साली त्याचे तीन जाडजूड खंड निघाले. त्यांनी एक कसोटी तयार केली होती. मुलाने आपल्या आवडीचे गाणे म्हणायचे, अर्धवट चाल पुरी करायची, चित्र बघून गाणे रचायचे, आणि 'ब्रदर जॉन' हे ओळखीचे गाणे म्हणायचे. आमच्याकडच्या इंग्रजी बालवाडीतली मुले ज्याला 'आर यू स्लीपिंग' म्हणतात तीच ती चाल. कसोटी विचारपूर्वक केलेली आहे, चित्रावरून गाणे रचायला सांगणे तर मला फारच आवडले. पण मिरज तालुक्यातल्या मराठी शाळेत ती चाल ओळखीची नाही. मग चारही देशांतल्या मुलांना येते असे गाणे कोणते? चौघांनी दोन गुरुवार डोके खाजवले. शेवटी निघाले 'हॅपी बर्थडे'. मला फार वाईट वाटले, पण इलाज नव्हता.

आता मुख्य गोष्ट. प्रश्नावली इंग्रजीत तयार झाली आणि चौघांनी आपापल्या भाषेत नेली. त्यातला एक प्रश्न, तुम्ही संगीत शिकता का? मी वाचून म्हटले, "अगं, याला सगळे नाही म्हणतील."

"का गं आजी?"

"कारण संगीत म्हणजे क्लास. फी भरतात ते."

तिच्या मार्गदर्शक बाईंचे म्हणणे होते की चारही देशांत प्रश्न शब्दशः एकच हवा, नाहीतर तुलना कशाची करणार? तेही खरेच. म्हणून प्रश्न तसाच ठेवून ती एका गावच्या शाळेत गेली. गावाचे नाव मी देत नाही, कारण पुढे कळेल. सातवीच्या वर्गात बावीस मुले. दोन सोडून सर्वांनी 'नाही' लिहिले. त्या दोघी शेजारच्या मोठ्या गावात पेटीच्या क्लासला जाणाऱ्या.

त्याच दिवशी संध्याकाळी ती देवळापाशी थांबली होती, तर 'नाही' लिहिणारा एक मुलगा हरिपाठाला पखवाज वाजवत होता. एक मुलगी चाल सांगत होती आणि बाया तिच्या मागून म्हणत होत्या. शाळेचे झांजपथक तालुक्यात पहिले आलेले, त्यात त्या वर्गातली आठ मुले. आणि कागद मात्र म्हणत होता की या गावात संगीत नाही.

गुरुवारी तिने हे सांगितले तेव्हा दक्षिण आफ्रिकेची मुलगी मोठ्याने हसली. तिच्याकडेही तेच झाले होते. झुलू भाषेत 'इंगोमा' म्हणतात त्यात गाणेही येते आणि नाचही. नुसते 'म्युझिक' वेगळे काढून विचारले की मुलांना ती शाळेतली, कागदावरची वस्तू वाटते. मला हे ऐकून शार्ङ्गदेव आठवला. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या दरबारात बसून त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात गाणे, वाजवणे आणि नाचणे या तिन्हींना मिळून संगीत म्हटले आहे. मी सोप्यातून उठून जाऊन नातीला ते सांगितले आणि तिने तिथल्या तिथे सगळ्यांना समजावले. इतिहासाच्या शिक्षिकेचा तेवढाच उपयोग.

मग त्या प्रश्नाचे तुकडे झाले. तुम्ही घरी, देवळात, शाळेत, लग्नात काही गाता का? काही वाजवता का? कोणाकडून शिकलात? शब्द चारही भाषांत वेगळे झाले, आणि मार्गदर्शक बाईंना पटवायला नातीला मोठे पत्र लिहावे लागले. नातीने ते मला मराठीत वाचून दाखवले. तिने लिहिले होते की शब्द एकच ठेवला तर प्रश्न चार होतात, प्रश्न एक ठेवायचा तर शब्द चार करावे लागतील. बाई मान्य झाल्या. या खटपटीत सहा आठवडे गेले. आता गंमत पाहा. शोधनिबंधात कोणी कोणते काम केले हे सांगण्याची 'क्रेडिट' नावाची एक पद्धत हल्ली अनेक नियतकालिके वापरतात. तिच्यात चौदा प्रकारची कामे दिलेली आहेत, पैसा उभा करण्यापासून आकृत्या काढण्यापर्यंत. भाषांतर त्यात नाही.

नवे कागद घेऊन ती पुन्हा त्या वर्गात गेली. या वेळी पाने भरली. आजीच्या ओव्या, गौरीची गाणी, टाळ, झांज, लेझीम, एकाने तर तोंडाने ढोल वाजवतो असे लिहिले. फक्त एका मुलाने या खेपेलाही सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिले. वर्गशिक्षकांनी नंतर सहज सांगितले की हा तर हलगी फार सुंदर वाजवतो, बापाबरोबर जत्रेला, कुस्तीच्या मैदानाला जातो. म्हणजे त्याला प्रश्न कळला नव्हता असे नाही. हलगी कोणी वाजवायची हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून टाकलेले आहे, आणि शेजारी बसलेल्या मुलाला दिसेल अशा कागदावर ते लिहायची त्याची इच्छा नव्हती.

त्या रात्री नात जेवली नाही. म्हणाली, "आजी, याला मी काय म्हणू? उत्तर म्हणू की काय म्हणू?"

पुढचा गुरुवार फार शांत होता. ब्राझीलच्या मुलीने नेपाळमधल्या एका कामाची आठवण काढली. हेलसिंकीची सिबेलियस अकादमी, काठमांडूचे नेपाळ म्युझिक सेंटर आणि इस्राएलमधले एक शिक्षक महाविद्यालय यांचा एक प्रकल्प २०१५ ते २०२० या वर्षांत झाला. त्यात पीएच.डी.च्या विद्यार्थिनींनी काठमांडूच्या शाळांत संगीत शिकवणाऱ्या कलावंत शिक्षकांबरोबर बसून काम केले. पैसा फिनलंडचा, म्हणजे प्रश्नही त्यांचेच असणार अशी शंका मला आलीच. पण त्या प्रबंधांतही या असमानतेवर बरेच लिहिले आहे असे नात म्हणाली. तिथल्या कार्यशाळांत तुमच्याकडे काय कमी आहे असे विचारायचे नाही, काय चांगले चालले आहे आणि पुढे काय व्हावेसे वाटते हे विचारायचे, अशी पद्धत होती. तो प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला होता, हे लक्षात घेतले तर 'काय कमी आहे' हे विचारण्यात खरोखरच अर्थ नव्हता.

आणि नेपाळातही तेच आहे. सारंगी वाजवून गावोगाव गाणाऱ्यांना 'गाइने' म्हणत. लग्नातला पंचेबाजा वाजवायचा तो दमाईंनी. वाद्य हवे, वाजवणारा उंबऱ्याबाहेर. गाइने लोक आता स्वतःला गंधर्व म्हणवतात. आपल्याकडे कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर, ज्यांनी याच मिरजेत बाळकृष्णबुवांकडे विद्या घेतली, त्यांनी १९०१ साली लाहोरला काढलेल्या शाळेचे नाव गांधर्व महाविद्यालयच ठेवले होते. गाण्याबजावण्याला प्रतिष्ठा मिळावी म्हणून ते आयुष्यभर झिजले. ती मिळालीही. पण कोणत्या वाद्यांना मिळाली आणि कोणती वाद्ये बाहेरच राहिली, हे मी चौतीस वर्षे शाळेत बघितलेच आहे. स्नेहसंमेलनाला तबला व्यासपीठावर असे, हलगी पाहुण्यांच्या स्वागताला फाटकापाशी.

त्या मुलाचे काय करायचे यावर चौघांचे एकमत होईना. हंगेरीचा मुलगा म्हणाला, लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, ती गाळली तर आपण काय लिहिणार? दक्षिण आफ्रिकेची मुलगी म्हणाली, त्याने मुद्दाम न सांगितलेली गोष्ट आपण जगाला सांगायची, हा अधिकार आपल्याला कोणी दिला? नाव बदलले तरी बावीस जणांच्या वर्गात कोण ते गावात कोणालाही कळेल. नात गप्प होती. पूर्वी संशोधक एकटे येत. हॉलंडचा आर्नल्ड बाके १९२५ साली शांतिनिकेतनला आला तो आपल्या संस्कृत ग्रंथावर प्रबंध लिहायला. पुढे त्याने भारतात आणि नेपाळात किती तरी गाणी मेणाच्या नळकांड्यांवर टिपून नेली. त्याचे काम मोलाचेच आहे. पण नळकांड्यांतल्या त्या गाणाऱ्यांना कोणी काय विचारले असेल? आज निदान चौघांपैकी एकीने थांब म्हटले.

शेवटी ती मुलाकडे नाही, आधी त्याच्या वडिलांकडे गेली, आणि मला बरोबर घेऊन गेली. त्यांनी अंगणात खुर्च्या टाकल्या, चहा दिला. तिने सगळे खरे ते सांगितले, कागद परदेशात जाणार आहे हेही सांगितले. त्यांनी मुलाला बोलावले. "सांगू का रं?" असे विचारले. मुलाने खाली बघून मान हलवली. मग ते तिला म्हणाले, "लिवा की ताई. फकस्त हलगीवाला म्हणून लिवू नगा. तबल्याला तबलावादक म्हणता न्हवं? मग आमी हलगीवादक." आणि संमतीपत्रावर त्यांनी मराठीत, झोकदार सही केली. मुलाने नंतर हलगी शेकायला घेतली, पण ती वाजवून दाखव असे आम्ही म्हटले नाही. त्याने आपण होऊन वाजवली.

ही हकीकत मी इथे लिहिली आहे तीही त्या दोघांना विचारूनच.

आता नात त्या एका वाक्यापाशी अडली आहे. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, 'प्लेअर'. वाला म्हटला काय आणि वादक म्हटला काय, कागदावर दोन्ही सारखेच उमटतात आणि त्या बापाने घातलेली एकमेव अट हरवते. दोन्ही शब्द देवनागरीतच छापावे आणि खाली समजावून सांगावे असे तिला वाटते. नियतकालिकाचे लोक त्याला तयार होतील की नाही ते बघायचे. हंगेरीच्या मुलाने कळवले आहे की त्यांच्याकडे जिप्सी वादकांच्या बाबतीत असाच काही भेद आहे, तो नीट विचारून सांगेल. ब्राझीलच्या मुलीचे उत्तर अजून आलेले नाही. परवा गुरुवार आहे.